आयर्विनचं पाणी कळतं, गल्लीतला ताप कळत नाही

जुलै निम्मा झाला की सांगलीत बोलण्याची सुरुवात एकाच प्रश्नानं होते. ‘आयर्विनला किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं? भाजीवाल्या मावशी विचारतात, रिक्षावाले विचारतात, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं रात्री फोन करून विचारतात. आणि उत्तराचा अर्थ सगळ्यांना कळतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या चौथीतल्या मुलालाही पाठ असतं. त्याच्या कितीतरी आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली घरं गॅसची शेगडी, गाद्या, मुलांची दप्तरं वरच्या मजल्यावर नाहीतर पाहुण्यांकडे हलवायला लागतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेला फुगवटा आहे का, अलमट्टीचं काय चाललंय, हे आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही पाटबंधारे खात्यातल्या साहेबाइतक्याच खात्रीनं सांगतो. २००५ नं, मग २०१९ साली ५७ फुटांच्या वर गेलेल्या पाण्यानं आणि पुन्हा २०२१ नं आम्हाला हे शिकवलं. शिक्षण फार महाग पडलं, पण पक्कं झालं.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या प्रभागात या आठवड्यात डेंगीचे किती रुग्ण आहेत? मागच्या आठवड्यापेक्षा वाढले की घटले? तुमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला काल क्लोरीन होतं का?

माहीत नाही. मला माहीत नाही, माझ्या शेजाऱ्यांना नाही, आणि कोणाला विचारायचं हेही ठाऊक नाही. नदीची पातळी फुटा-इंचात तोंडपाठ असलेल्या शहराला तापाची पातळी ठाऊक नसावी, हे मला बरेच दिवस खुपतंय. माझं म्हणणं एवढंच आहे, की नदीसारखीच तापाची पातळीही रोजच्या बोलण्यात यायला हवी, आणि ती प्रभागाप्रभागात उघड लावायला हवी. ते होत नाही तोवर खाटा कितीही वाढवल्या तरी शहराचं आरोग्य आजाराच्या मागे धावतच राहील.

हे नुसतं तत्त्व म्हणून मी मांडत नाही. तीन वर्षांपूर्वी गणपती गेले आणि माझ्या मुलीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, पाचव्या दिवशी प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या खाली. दवाखान्यात भरती केलं. त्या मजल्यावर पाण्याची बाटली भरायला गेले तर आमच्याच गल्लीतल्या जोशीकाकू भेटल्या. त्यांचा नातू दोन खोल्या सोडून होता. दोघी बोलत बसलो तेव्हा कळलं, की समोरच्या बंगल्यातली सून मिरजेला भरती आहे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा भाऊ आणखी तिसऱ्याच दवाखान्यात. पंधरा दिवसांत एका गल्लीतले पाच जण, तीन दवाखान्यांत. प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या पेशंटवर उत्तम उपचार केले, पाचही जण घरी आले, त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे. पण पाच केसपेपर एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. ते फक्त आम्हा बायकांच्या बोलण्यात भेटले.

मुलगी घरी आल्यावर गल्लीच्या टोकाला काम थांबलेल्या एका इमारतीकडे काहींचं लक्ष गेलं. लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. वरून स्वच्छ, आरशासारखं. टॉर्च मारला तर आत वळवळणाऱ्या अळ्यांचा नुसता खच. तिथल्या वॉचमनची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “ताई, आमच्या बाळ्याला तर गोकुळाष्टमीच्या आधीच आला होता की असला ताप. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेला, चार दिवस सुई दिली, उतरला.”

म्हणजे पहिला फूट तिथं चढला होता. आमच्या घरी पाणी शिरायच्या महिनाभर आधी.

डेंगीच्या बाबतीत हा मधला काळ फार मोलाचा असतो. तापातल्या माणसाला डास चावला तरी तो डास लगेच आजार पसरवू शकत नाही. त्याच्या अंगात विषाणू वाढायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. मग तो दुसऱ्याला चावतो, आणि त्या दुसऱ्याला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस जातात. पहिल्या रुग्णापासून गल्लीत दुसरी लाट दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. कोयनेचं पाणी सुटल्यावर सांगलीला पोचायला जसे काही तास मिळतात आणि त्या तासांत माणसं घर रिकामं करतात, तसेच हे आठवडे आहेत. फक्त धरणाचा दरवाजा उघडला हे कळायला हवं. बाळ्याचा ताप कोणी मोजला असता, तर लिफ्टचा खड्डा ऑगस्टमध्येच उपसता आला असता. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या काळात मी रोज त्या इमारतीवरून दूध आणायला जात होते. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

आमचा भाग डॉक्टरांचा म्हणून नावाजलेला आहे. डॉ. वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं उपचाराला येतात. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेतच आलं. याचा मला अभिमान आहे. पण या अभिमानाखाली एक गोष्ट झाकली जाते. उपचाराची सोय आणि आजार पसरू न देण्याची सोय ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम दवाखान्याच्या दारात सुरू होतं, दुसरं दारापर्यंत येऊच नये म्हणून गल्लीत करायचं असतं. पहिल्या कामाला माणूस कृतज्ञ राहतो, पैसे मोजतो, पेढे देतो. दुसऱ्याची आठवण कोणाला राहत नाही, कारण न आलेला ताप कुणाच्या लक्षात येणार? म्हणून निवडणुकीच्या तोंडावर रुग्णालयाची घोषणा होते. गल्लीतल्या अळ्या मोजणाऱ्या पंचवीस माणसांची भरती, ही घोषणा मी अजून ऐकलेली नाही.

दिसणारं काम म्हणून मग धुराची गाडी येते. संध्याकाळी घरघर करत ती गल्लीत शिरली की लोकांना बरं वाटतं, काहीतरी होतंय असं वाटतं. आम्ही काय करतो? धूर आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतो. डेंगीचा डास तर आत, कपड्यांच्या आड, पलंगाखाली बसलेला असतो. धुरानं मरतो तो उडता डास, तोही धूर अंगावर आला तर. पाण्यातल्या अळीला त्याचं काही होत नाही, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. साथ भडकलेली असताना धूर फवारणीला जागा आहे, ती मी नाकारत नाही. पण वर्षभराची मदार तिच्यावर ठेवणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं आहे.

खरं काम कसं दिसतं ते मी एका आशाताईंबरोबर, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेबरोबर, हिंडून पाहिलं. मुलीच्या आजारपणानंतर मीच त्यांना विचारलं होतं, येऊ का म्हणून. त्यांच्या पिशवीत टॉर्च, खडू, वही आणि अळीनाशक औषधाची बाटली. सुरुवात त्यांनी माझ्याच घरापासून केली, आणि मी खात्रीनं सांगितलं होतं की आमच्याकडे काही सापडणार नाही. त्यांनी फ्रिज पुढे ओढला आणि मागचा ट्रे बाहेर काढला. त्यात दोन बोटं पाणी, आणि पाण्यात चार अळ्या. गच्चीवरचं निळं बॅरल मी दर रविवारी रिकामं करत होते. ताईंनी आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “पाणी ओतलं, पण घासलं नाही तुम्ही.” या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या वर भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्यानं कडा घासल्याशिवाय कोरडा दिवस पाळल्यासारखा होत नाही. इतकी वर्षं भिंतींवर ‘एक दिवस कोरडा पाळा’ वाचत आले, ही घासायची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सांगायला माणूस घरात यावा लागतो.

आणि माणूस घरात येऊ द्यावा लागतो. त्याच दिवशी ताईंना शेजारच्या अपार्टमेंटमध्ये खालूनच परत पाठवलं. इंटरकॉमवरून आवाज आला, ‘आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे.’ तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंड्यांखालच्या ताटल्या खालूनसुद्धा दिसत होत्या. झोपडपट्टीत त्यांना कोणी अडवलं नाही, एका घरात तर चहा मिळाला. आपल्यासारख्या शिकलेल्यांच्या घरांनी याचा विचार करायला हवा. डेंगीच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं, आणि ते बंगल्यांत, अपार्टमेंटच्या गच्च्यांवर, मनीप्लांटच्या बाटल्यांत भरपूर मिळतं. सरकारी योजनांचा रोख वस्त्यांवर असतो, तो योग्यही आहे. पण त्यामुळे मध्यमवर्गीय कॉलन्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या वाटेवरच येत नाहीत.

आता या कामाला माणसं किती लागतात? २०१३ साली राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आलं. त्याच्या निकषाप्रमाणे साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,००० ते २,५०० लोकांमागे एक आशा. खेड्यात प्राथमिक केंद्र ३०,००० लोकांमागे आणि उपकेंद्र ५,००० लोकांमागे धरलं जातं. शहरात दवाखाने जवळ असतात म्हणून हा फरक ठेवला असेल. पण दवाखाना जवळ असणं आणि घरी येणारी ओळखीची ताई असणं यात जो फरक आहे, त्याचा अनुभव मी वर लिहिला. शिवाय ही ताई पगारी नाही. तिला कामागणिक मोबदला आणि मानधन मिळतं, आणि ते वाढवून मिळावं म्हणून २०२४ मध्ये राज्यभरातल्या आशांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. ज्या बाईच्या खडूच्या खुणेवर गल्लीचं आरोग्य उभं आहे, तिला पक्का पगार नसावा, याचा मला राग येतो. पक्क्या पगाराची, पक्क्या गल्लीची माणसं नेमा, ही मागणी प्रत्येक प्रभागातून झाली पाहिजे.

पैसा कुठून आणायचा, असं कोणी विचारेल. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी त्या पंधरा दिवसांत दवाखान्यांना जेवढं बिल भरलं, ते मी एकदा ढोबळ मानानं जोडून पाहिलं. त्यात एका कर्मचाऱ्याचा वर्षाचा पगार निघाला असता. पैसा शहराकडे आहे. तो आज तापाच्या मागून खर्च होतो.

माहितीचंही तसंच आहे. ती नाही असं नाही. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण चालू आहे, २०२१ पासून ते नव्या संगणक प्रणालीवर आलं. आरोग्य केंद्रं, रुग्णालयं, प्रयोगशाळा आकडे भरतात. पण हे आकडे वर जातात, जिल्ह्याला, पुण्याला, दिल्लीला. खाली गल्लीत परत येत नाहीत. नदीची पातळी फक्त मंत्रालयाला कळवली असती आणि सूर्यवंशी प्लॉटला नाही, तर काय झालं असतं?

जो आकडा वर जातो, तोही अर्धामुर्धा असतो. डेंगीचं निश्चित निदान म्हणून शासन प्रयोगशाळेतली एलायझा पद्धतीची रक्ततपासणी धरतं. खासगीत बहुतेकांची होते ती पट्टीवरची झटपट तपासणी. ती पॉझिटिव्ह आली तरी रुग्ण ‘संशयित’ राहतो. शास्त्राच्या दृष्टीनं हा भेद बरोबर आहे. पण गल्लीत उपसायचा खड्डा संशयितावरूनही शोधता येतो, आणि शोधायला हवा. म्हणून प्रभागात जो फळा लावायचा त्यावर दोन्ही आकडे असावेत: संशयित किती, पक्के किती. आणि तपासले किती, तेही. नाहीतर जो प्रभाग जास्त तपासणी करेल तोच बदनाम होईल, आणि आकडा कमी ठेवायचा सोपा मार्ग म्हणून तपासण्याच बंद पडतील. आकडा वाढला म्हणून अधिकाऱ्याला फैलावर घेण्याची आपली सवय या रोगाइतकीच घातक आहे. आयर्विनची पातळी वाढली म्हणून मोजणाऱ्या माणसाला कोणी रागावत नाही.

खासगी डॉक्टर कळवत नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. त्यांची बाजूही मी ऐकलेली आहे: ओपीडीत शंभर पेशंट, कारकून एक, त्यात फॉर्म कधी भरायचा? पण क्षयरोगाच्या बाबतीत वाट निघाली. २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद कळवणं सक्तीचं झालं, पुढे कळवणाऱ्या खासगी डॉक्टरला प्रत्येक नोंदीमागे ५०० रुपये मिळू लागले आणि नोंदी संगणकावर सोप्या झाल्या. खासगीतून येणाऱ्या नोंदी वाढल्या. कोपऱ्यावरच्या ज्या डॉक्टरांनी बाळ्याला सुई दिली, त्यांच्याकडे संध्याकाळी सातला एक फोन करून ‘आज तापाचे किती, कुठल्या गल्लीचे’ एवढं विचारणारी परिचारिका असती, तर फॉर्मचीही गरज नव्हती.

लोक घाबरतील, हा आणखी एक आक्षेप. आमच्या जिल्ह्याकडे याचं उत्तर आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात, म्हणजे आजच्या ईश्वरपुरात, सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबात करोना निघाला आणि बघता बघता रुग्ण दोन डझनांवर गेले. राज्यभर भीती पसरली. पण कुठल्या भागात आजार आहे हे उघड होतं, म्हणून तो भाग बंद करता आला, संपर्कात आलेली माणसं एकेक करून शोधता आली, घरोघर जाऊन विचारपूस झाली, आणि काही आठवड्यांत ती साखळी तिथंच तुटली. त्याच वेळी त्या कुटुंबाला समाजमाध्यमांवर जी बोलणी खावी लागली, ती आपल्याला शोभणारी नव्हती. त्यातून मी एवढंच घेते, की गल्ली सांगावी, नाव कधीही सांगू नये. भीती लपवण्यानं जात नाही. पुराच्या रात्री सर्वात जास्त घाबरतो तो पातळी न कळलेला माणूस.

पाण्याचा मुद्दा याहून साधा आहे. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. ते तपासायला ओटी टेस्ट असते: छोट्या नळीत पाणी, दोन-तीन थेंब औषध, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शाळेतली मुलगीही करेल. जलवाहिनी गटाराशेजारून जाते, पाणी ठरावीक वेळच सुटतं, बंद असताना नळीत पोकळी होते आणि फटीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. टाकीवर क्लोरीन असून शेवटच्या नळाला नसतं ते यामुळेच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा पहिली शंका पाण्यावरच गेली. खेड्यात निदान एक सोय आहे. तिथं पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं; लाल कार्ड मिळालं की गावात चर्चा होते, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. शहरातल्या प्रभागाला कुठलं कार्ड मिळतं?

ज्या आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते आमच्याच जिल्ह्यातल्या अंजनीचे. त्या अभियानाचं बळ बक्षिसाच्या रकमेपेक्षा तुलनेत होतं. शेजारचं गाव किती पुढं आहे हे दिसत होतं, म्हणून आमच्या आजोळी सत्तरीतल्या माणसांनी हातात खराटे घेतले. शहराला ग्रामसभा नाही. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण आपल्या क्षेत्राची सभा कधी झाली हे आठवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एक फळा लागला तर सभा आपोआप भरेल, कारण माणसं त्याच्यासमोर थांबतील आणि एकमेकांना विचारतील.

फळ्यावर काय असावं तेही लिहिते, म्हणजे कोणाला नवा अभ्यासगट नेमायला नको. प्रभागाचं नाव. आठवडा. तापाचे रुग्ण, डेंगीसाठी तपासलेले, संशयित आणि पक्के. घरं तपासली किती, अळ्या सापडल्या किती घरांत, दार न उघडलेली घरं किती. शेवटच्या नळाला क्लोरीन: आहे, नाही. खाली आशाताईंचं नाव आणि त्या कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत येणार ते. दर सोमवारी खडूनं बदलायचा. संकेतस्थळावर टाकायला हरकत नाही, पण वॉचमनची बायको संकेतस्थळ बघत नाही, फळ्यावरचा आकडा तिला वाचता येतो.

पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या सोमवारी तो लागावा. आमच्या प्रभागासाठी जागाही मी पाहून ठेवली आहे: दूध डेअरीची भिंत. सकाळी सहा ते आठ सगळी गल्ली तिथं रांगेत असते, आणि डेअरीवाल्यांनी भिंत द्यायचं कबूल केलं आहे.